केंड्राचा हंगाम

केंड्रा लग्न होऊन आमच्यात आली तेव्हा तिने उभ्या आयुष्यात एकदाही घर बदललेलं नव्हतं. कॅन्ससमधल्या हचिन्सनमध्ये जन्मली, तिथेच शिकली, तिथल्याच एका सलूनमध्ये केस कापायला लागली आणि लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत लहानपणच्याच खिडकीखाली झोपली. आणि पडली कुणाच्या पदरात, तर आम्हा श्राग लोकांच्या! आम्ही मे महिन्यात हार्वेस्टर ट्रकवर चढवतो आणि लोकांची शेतं मजुरीवर कापून देत गव्हामागे निघतो. गहू आधी टेक्सासात पिकतो, मग ओक्लाहोमात, मग आमच्या कॅन्ससमध्ये, मग नेब्रास्का, डाकोटा, आणि मोंटाना गाठेपर्यंत ऑगस्ट आलेला असतो. पुढे मका, सोयाबीन. घरी परततो ते नोव्हेंबरच्या थंडीत. एका गावात दोन आठवडे काढले तर तिथल्या चर्चमधले लोक आम्हाला गावकरीच समजायला लागतात.

माझा भाऊ डेल्मर हा या टोळीचा मालक. मी लोरीन, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून टोळीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. ट्रेंट हा डेल्मरचा मुलगा, आणि केंड्रा त्याची बायको. पहिल्या उन्हाळ्यात ती चाकांवरच्या घरात बसून रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली चार दिवस, पाचव्या दिवशी ट्रॅक्टरवर चढली. हार्वेस्टर चालू असताना त्याच्या शेजारून ट्रॅक्टर पळवायचा, धान्य आपल्या ट्रॉलीत घ्यायचं आणि बांधावरच्या ट्रकमध्ये नेऊन ओतायचं, हे काम तिला असं जमलं की डेल्मर दुसऱ्या कुणाला त्या ट्रॅक्टरला हात लावू देईना. पाऊस पडून काम थांबलं की ती दारात खुर्ची मांडून सगळ्या टोळीचे केस कापायची. मोठ्याने हसायची. तिचं हसू मशीनवरच्या रेडिओवर ऐकून शेजारच्या शेतातली टोळी विचारायची, तुमच्याकडे काय चाललंय.

पहिली मुलगी मॅरन, ती झाली सहज. मग दुसऱ्या मुलासाठी वाट बघणं सुरू झालं. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा टिकलं नाही. दुसऱ्या वेळी तिसरा महिना होता आणि आम्ही नेब्रास्कात किंबलला होतो. तिथल्या लहानशा हॉस्पिटलातून बाहेर पडताना ती म्हणाली होती की या दारातून मी पुन्हा आत पाऊल टाकणार नाही. त्यानंतर पाच वर्षं काहीच नाही. शेवटी विचिटाच्या डॉक्टर ऑस्ट्रँडरबाईंनी तपासून सांगितलं की नलिका बंद झाल्यात, बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करावा लागेल. पहिला प्रयत्न हिवाळ्यात घरी असताना केला. एकच गर्भ तयार झाला, तो रुजला नाही.

दुसऱ्या प्रयत्नासाठी डॉक्टरांनी जून दिला. जून म्हणजे आमचा ऐन हंगाम.

डेल्मरने जेवणाच्या टेबलावर विषय काढला. या उन्हाळ्यात तू घरीच राहा, ट्रॅक्टरवर मी दुसरा माणूस ठेवलाय, असं तो खाली मान घालून म्हणाला. तो वाईट मनाने बोलला नव्हता. हिवाळ्यात तिला रडताना त्याने पाहिलं होतं, आणि त्या दिवशी तो मशीनच्या शेडमध्ये जाऊन बसला होता, जेवायलाही आला नव्हता. पण केंड्राला ते लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "ट्रेंट तिकडे, मॅरन तिकडे, तुम्ही सगळे तिकडे. मी इथे रिकाम्या घरात सुया टोचत बसू? मूल येणार ते या टोळीत येणार आहे. त्याला आत्तापासूनच सवय होऊ दे."

"गहू कुणाच्या तारखा पाळत नाही, केंड्रा."

"माझं पोटही पाळत नाही. दोघांचं बघून घेऊ."

ट्रॅक्टरवरचा नवा माणूस आठवड्याभरात दुसऱ्या टोळीत गेला. केंड्राने डॉक्टरांशी बोलून सगळं जुळवून आणलं होतं. जूनच्या सुरुवातीला आम्ही ओक्लाहोमात एनिडजवळ असणार, तिथल्या दवाखान्यात सोनोग्राफी करायची, रिपोर्ट विचिटाला जाणार, आणि बीज काढायची वेळ आली की दोन तासांत विचिटा गाठायचं. ट्रेंटचा नमुना त्यांनी आधीच गोठवून ठेवला होता, म्हणजे त्याला हार्वेस्टर सोडायला नको. ट्रॅक्टर बसून चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. फक्त शिडीवरून उड्या मारायच्या नाहीत, अशी ताकीद होती. हे केंड्राला सांगणं म्हणजे वासराला सांगण्यासारखंच.

औषधं थंड ठेवावी लागत. टेक्सासातून निघालो तेव्हा औषधांची पेटी मॅरनने सबंध रस्ता मांडीवर घेतली होती. मॅरन तेव्हा आठ वर्षांची. कुणी पाण्याची बाटली काढायला पेटी उघडली की ओरडायची, "आत माझा भाऊ आहे." तिला कितीदा समजावलं की आत नुसतं औषध आहे, पण ती ऐकेल तर शपथ.

एनिडला सुया सुरू झाल्या. आमचं एक बरं असतं. रात्रीचं दव वाळेपर्यंत गहू कापता येत नाही, म्हणून सकाळ मोकळी. केंड्रा उजाडताच दवाखान्यात जायची, परत यायची आणि दहाच्या सुमाराला ट्रॅक्टरवर चढायची. संध्याकाळची सुई ती स्वतः पोटात टोचून घ्यायची. ट्रेंट सहा फूट उंच, पिंपं उचलणारा गडी, पण सुई बघितली की भिंत धरतो. पहिल्या खेपेला तो चक्क खाली बसला आणि केंड्रा पोटात सुई तशीच धरून त्याच्यासाठी पाणी मागत होती. तेव्हापासून त्याला बाहेर उभं करायचं ठरलं.

रोज बातमी चांगली येत गेली. हिवाळ्यात दोन-तीनच बीजं दिसली होती, आता दोन्ही बाजूंना भरपूर. केंड्राच्या जीन्सचं बटण लागेना, ती ट्रेंटच्या ढगळ पँटी घालून फिरायला लागली. दवाखान्यातून आली की ती काही सांगायच्या आधी मी तिच्या चालीवरूनच ओळखायची. सगळ्या टोळीत जत्रेच्या आधी असतो तसा उत्साह भरला होता. आमच्याकडे त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेहून तीन माणसं आली होती, त्यांतला रियान दोन मुलांचा बाप. तो रोज सकाळी ट्रकखालून डोकं काढून विचारायचा, "वहिनी, आज पीक कसं आहे?"

मग तो दिवस आला. दुपारी विचिटाहून फोन आला की बीजं तयार आहेत. शेवटचं इंजेक्शन आज संध्याकाळी बरोब्बर आठला घ्यायचं, मिनिट इकडेतिकडे नको, आणि परवा सकाळी आठला क्लिनिकमध्ये हजर व्हायचं. हे इंजेक्शन कमरेखाली मागच्या बाजूला द्यायचं असतं, ते आपलं आपल्याला जमत नाही. ट्रेंटचा तर प्रश्नच नव्हता. केंड्रा माझ्याकडे वळली. मी आजवर कोंबडीत मसाला भरण्यापलीकडे सुई धरलेली नव्हती. पण हो म्हणून बसले.

साडेपाचला पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं. गारांचा इशारा आला. वेंडेल नावाच्या जुन्या शेतकऱ्याचं शेत होतं ते, गहू कंबरेपर्यंत, दाणा टणक. गारा पडल्या तर तासाभरात सगळं जमीनदोस्त. डेल्मरने तिन्ही हार्वेस्टर एका ओळीत लावले आणि केंड्रा ट्रॅक्टर घेऊन एकापासून दुसऱ्याकडे पळायला लागली. मी बीरॉक भाजले, कोबी आणि खिमा भरलेले आमचे बन, औषधाची पेटी आणि मॅरनला घेतलं आणि पिकअप घेऊन शेतात गेले. जेवायला कुणी खाली उतरेना. मी चालत्या मशीनच्या शिडीशी जाऊन एकेकाच्या हातात पुड्या दिल्या.

मॅरन पिकअपमधल्या रेडिओपाशी बसली होती. या रेडिओवर बोललं की सगळ्या मशीनवर ऐकू जातं.

"आई, पावणेआठ झाले," तिने जाहीर केलं. "तुझ्या ढुंगणावरच्या इंजेक्शनची वेळ झाली."

मग केंड्राचं हसू सगळ्या शेतभर वाजलं. तिच्या हसण्यावर आणखी कुणीतरी हसलं. मग डेल्मरचा आवाज आला, अगदी सपाट.

"सगळ्यांनी मशीन थांबवा."

वाऱ्याने धूळ आणि भुसा उडत होता आणि ढग निम्म्या आभाळावर आला होता. पस्तीस हंगामांत वाळल्या गव्हात, डोक्यावर वादळ असताना त्याने मशीन थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. ट्रेंटने विचारलं, बाबा, नक्की ना. डेल्मरने स्वतःचा हार्वेस्टर वळवून माझ्या पिकअपच्या वाऱ्याच्या बाजूला आणून उभा केला, दुसरा त्याला नाक लावून उभा करायला सांगितला, आणि खाली उतरून ट्रकवरची ताडपत्री ओढली. ट्रेंट, रियान आणि त्याचे दोघं साथीदार, चौघांनी ताडपत्रीचे कोपरे धरले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांच्या पलीकडे डेल्मरही पाठ करून, टोपी दोन्ही हातांनी धरून.

आत आम्ही दोघीच. मॅरन गाडीतून घड्याळ बघत होती. औषधाची पूड असते, ती पाण्यात मिसळून सुईत ओढायची. मी बाटली उजेडाकडे धरून पूड विरघळल्याची खात्री केली आणि सुई भरली. केंड्रा पिकअपच्या कडेवर दोन्ही हात टेकून वाकली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही बीरॉकच्या पिठाला जसा ठोसा देता ना, तसा द्या. मी पीठच आहे समजा."

"पीठ हसत नाही. तू हलू नकोस."

मॅरन म्हणाली, "आजी, आठ!"

आणि मी टोचलं. सरळ, खोल, जसं सांगितलं होतं तसं. मी सुई बाहेर काढली तेव्हा मला घामाने दिसेनासं झालं होतं. ती पँट ओढत सरळ झाली आणि तिने मला असं मिठीत घेतलं की माझा चष्मा भुशात पडला. ताडपत्रीपलीकडून ट्रेंटने विचारलं, झालं का? तो पाठमोरा असूनही रियानने त्याला दंडाला धरलं होतं.

"झालं," केंड्रा म्हणाली. "आता उभे काय राहिलात? गहू कोण कापणार?"

पाऊस आला तेव्हा गव्हाचा एक लांब पट्टा तेवढा उभा राहिला होता. गारा आमच्या उत्तरेने गेल्या, आमच्याकडे नुसता पाऊस, पण असा की तीन दिवस शेतात पाय घालता येईना. झालं, सगळे मोकळे! परवा सकाळी केंड्राबरोबर मीच जाणार होते. प्रत्यक्षात निघालो तेव्हा ट्रेंट, मॅरन आणि डेल्मरही गाडीत बसले होते. विचिटाच्या त्या चकचकीत क्लिनिकमध्ये आमच्या पाच जणांच्या चिखलाच्या बुटांचे ठसे दारापासून खुर्च्यांपर्यंत उमटले. डेल्मर वेटिंग रूममध्ये माशांच्या टाकीसमोर बसला आणि माणसाशी बोलावं तसं माशांकडे बघत राहिला.

अकरा बीजं निघाली. गुंगीतून उठता उठता केंड्राने पहिला प्रश्न विचारला तो वेंडेलचा तो पट्टा वाळला का, असा. नर्सला वाटलं बाई अजून शुद्धीवर आली नाही.

त्यानंतरचे पाच दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. तोवर मुक्काम हलवून कॅन्ससमध्ये ॲन्थनीला आलो होतो. प्रयोगशाळेतून रोज फोन यायचा आणि रियान ट्रकच्या धुळीत बोटाने आकडा लिहायचा. अकराचे सात झाले, सातांचे पाच. शेवटी तीन गर्भ राहिले, तिन्ही उत्तम. एक आत ठेवायचा आणि दोन गोठवून ठेवायचे असं ठरलं. विचिटाला तो ठेवायच्या आधी डॉक्टरांनी पडद्यावर त्याचं चित्र दाखवलं. मॅरन म्हणाली की हा तर साबणाच्या फेसासारखा दिसतो, आणि भाऊ असेल असं काही वाटत नाही.

पुढे दोन आठवडे केंड्राने ट्रॅक्टरवर बसायचं नाही असा डेल्मरने हुकूम काढला. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं, पण या वेळी केंड्राने वाद घातला नाही. ती माझ्या हाताखाली स्वयंपाकाला लागली आणि आमच्या टोळीने कधी नव्हे ते करपलेलं मांस आणि कच्चे बटाटे खाल्ले. कुणी तक्रार केली नाही. रियान म्हणाला की त्याच्या आईच्या हातची आठवण झाली. त्याची आई काय करते असं विचारल्यावर म्हणाला, बस चालवते. गर्भ टिकावा म्हणून रोज रात्री घ्यायचं तेलातलं इंजेक्शन मीच देत होते, आता डोळे मिटूनही दिलं असतं.

गर्भ रुजला का ते रक्तावरून तपासायची तारीख आली तेव्हा आम्ही नेमके किंबलला पोचलो होतो. ट्रेंट म्हणाला, शेजारच्या गावात जाऊ, तासाभराचा तर रस्ता. सकाळी केंड्राने गाडीच्या चाव्या माझ्या हातात दिल्या. त्याच हॉस्पिटलच्या दाराशी ती थांबली. मग तिने दार खांद्याने ढकललं, जसं आपण सामान घेऊन आत शिरताना ढकलतो, आणि काउंटरवर जाऊन स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं. रक्त देऊन आलो तेव्हा बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. म्हणजे दिवसभर काम नाही. वाट बघण्यासाठी याहून वाईट दिवस नसेल.

केंड्राने काय करावं? छपराखाली खुर्ची मांडली आणि डेल्मरला बोलावलं. तुमच्या मानेवर जंगल वाढलंय बाबा, बसा. मी दारात बटाटे सोलत होते, ट्रेंट पलीकडे हार्वेस्टरच्या पात्यांखाली पाठीवर पडून पाना फिरवत होता. उजवी बाजू कापून झाली आणि फोन वाजला. केंड्राने कात्री दातात धरली, फोन कानाला लावला. ती नुसतं हं, हं करत होती. माझा बटाटा हातातून गेला. तिने फोन खाली ठेवला, कात्री हातात घेतली आणि डेल्मरच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "राहिलंय."

डेल्मर गळ्याभोवतीच्या कापडासकट तसाच बसून राहिला. मग तो म्हणाला, "ट्रेंटला सांगितलंस का?"

"तो मशीनखाली आहे. तुम्ही समोर होतात."

तेवढ्यात ट्रेंटने आमचं बोलणं ऐकलं असावं, कारण पात्याखालून धाडकन डोकं आपटल्याचा आवाज आला. तो कपाळावर ग्रीस आणि रक्त घेऊन धावत आला. केंड्रा एकदम हसायला आणि रडायला लागली. मॅरन पावसात गोल गोल पळत सुटली. रियानने ट्रकचा भोंगा वाजवला तो थांबवेचना. शेजारच्या तळावरची माणसं काय झालं म्हणून बघायला आली.

या गोंधळात केस कापायचे राहून गेले. डेल्मर दुपारी गावात सुटे भाग आणायला गेला तो डावीकडे जंगल आणि उजवीकडे शेत अशा डोक्याने. दुकानदाराने टोकलं तेव्हा त्याने कारण सांगितलं. नंतर बेकरीत सांगितलं, मग पोस्टात. ज्या माणसाच्या तोंडून दिवसाला दहा वाक्यं निघत नाहीत त्याने संध्याकाळपर्यंत अर्धं किंबल जमा केलं होतं. एक अनोळखी बाई तर केकच घेऊन आली.

भीती गेली नाही हेही सांगायला हवं. तिसरा महिना सरेपर्यंत केंड्रा रोज सकाळी उठली की पहिल्यांदा बाथरूममध्ये जाऊन रक्त जात नाही ना याची खात्री करायची, आणि तोवर मी चुलीशी श्वास रोखून उभी राहायची. दक्षिण डाकोटात ओनिडाला असताना पहिल्यांदा हृदयाचे ठोके ऐकले. तिथली नर्स म्हणाली की भरधाव घोडा आहे हा. मोंटानात ठोके पुन्हा ऐकले. मका कापताना तिसऱ्यांदा, आणखी एका गावात. प्रत्येक ठिकाणी नवे डॉक्टर, नवी खोली, पण केंड्राला आता कशाचं काही वाटत नव्हतं. ती आत गेल्याबरोबर सगळी हकीकत धडाधड सांगून टेबलावर जाऊन पडायची.

मार्चमध्ये एल्सी झाली, विचिटातच, बर्फ पडत असताना. मुलगीच. मॅरनने तिला बघून सांगितलं की हे मला पडद्यावरच कळलं होतं.

मे महिन्यात आम्ही पुन्हा टेक्सासला निघालो. केंड्राच्या आईने बाळाला इतक्या लहानपणी नेऊ नका म्हणून खूप सांगून बघितलं. केंड्रा म्हणाली की ही पोटात असतानाच इतक्या गावांत वाढली, आता हिला कुठे एका जागी ठेवता. बर्कबर्नेटला पोचलो तर गहू अजून ओला, तीन-चार दिवस थांबावं लागणार होतं. सगळे रिकामे. एल्सी या हातातून त्या हातात फिरत होती. डेल्मर तिला घेऊन शेताच्या कडेने आत गेला, आम्ही बांधावरून बघत होतो. त्याने एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, दाणा दाताखाली धरून बघितला आणि दुसरी ओंबी तिच्या मुठीजवळ नेली. तिने ती गच्च पकडली, कुसळं टोचली आणि तिने असा भोंगा पसरला की तो घाबरून धावत परत आला.

केंड्राने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं.

"बाबा," ती म्हणाली, "तिला कामाला लावण्याआधी पगाराचं बोला."